नळी काढण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)





दरवर्षी या सभेत माझ्या वाट्याला जमाखर्चाचे निवेदन येते. यंदाचा ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचा अहवाल छापील स्वरूपात आपल्या हाती दिलेलाच आहे. तो वाचून दाखवण्यात आपला वेळ घेत नाही. अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने आज मी एका लहानशा दिसणाऱ्या विषयावर बोलणार आहे. तोंडाने खाता-पिता येत नाही अशा रुग्णाला नाकातून जठरापर्यंत जी नळी घालतात, ती काढण्यापूर्वी त्याच्या गिळण्याची तपासणी करणे, हा तो विषय होय.

मी वैद्यकशास्त्राचा माणूस नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी या रुग्णालयात लेखापाल म्हणून रुजू झालो आणि पुढे प्रशासनाची जबाबदारी अंगावर आली. आज जे सांगणार आहे ते आमचे डॉक्टर, परिचारिका आणि वाचा-उपचारतज्ज्ञ ताई यांच्याकडून शिकलेले आहे. मग हिशेबाच्या माणसाने या विषयावर का बोलावे, असे आपल्या मनात येईल. त्याचे कारण असे की, या बाबतीत आपल्याकडे जी चूक घडली तिच्यात माझा स्वतःचा वाटा आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपद तोंडावर आला होता. पुरुष विभागात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक दाखल होते. गावात सारे त्यांना गुरुजी म्हणत. आपणही तसेच म्हणू. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची एक बाजू लुळी पडली होती आणि बोलणे जड झाले होते. नाकातल्या नळीवाटे त्यांना दूध, पेज आणि औषधे दिली जात. नवव्या दिवसापर्यंत प्रकृती चांगली सुधारली. ताप नव्हता, रक्तदाब आटोक्यात होता, माणसे ओळखत होते. त्या आठवड्यात तापाच्या साथीमुळे सर्व खाटा भरल्या होत्या आणि बाहेर बाकांवर रुग्ण बसून होते. खाटा मोकळ्या करून घेणे हे माझे काम. मी विभागात गेलो आणि गुरुजींना अद्याप घरी का सोडले नाही, असे विचारले. घरच्या मंडळींनाही गणपतीपूर्वी त्यांना न्यायचे होते. मात्र नाकात नळी असताना नेण्यास त्यांचे मन धजत नव्हते.

पाळीवरची परिचारिका म्हणाली, ‘‘साहेब, गुरुजींचा आवाज ओला येतो. बोलताना घशात खळखळतं.’’

‘‘ठसका लागतो का?’’ मी विचारले.

‘‘नाही. ठसका नाही लागत.’’

‘‘मग झाले तर,’’ मी म्हणालो.

हे तीन शब्द माझे आहेत. बाहेर रांग लागलेल्या तरुण डॉक्टरांनी गुरुजींना दोन चमचे पाणी दिले, ते त्यांनी गिळले, ठसका लागला नाही, नळी निघाली आणि दुपारी गुरुजी घरी गेले. पाचव्या दिवशी ते परत आले तेव्हा अंगात ताप होता, धाप लागली होती आणि न्यूमोनियाने उजवे फुप्फुस भरले होते. अतिदक्षता विभागात अकरा दिवस उपचार झाले. बाराव्या दिवशी ते गेले.

बिल चुकते करण्यासाठी त्यांची मुलगी माझ्या कार्यालयात आली. संस्थेच्या नियमांत बसेल तेवढी सवलत मी दिली. पावती हातात घेऊन ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘साहेब, आरतीनंतर मीच बाबांना फुलपात्रभर पाणी पाजलं होतं. माझ्यामुळे झालं का हे?’’

मी म्हणालो, ‘‘नाही ताई. वय झाले होते त्यांचे.’’

तो वेळ मारून नेण्याचा प्रकार होता. खरे उत्तर मला तेव्हा ठाऊकच नव्हते. आज ते ठाऊक आहे, आणि या भाषणाच्या शेवटी ते मी सांगणार आहे.

प्रथम गिळणे म्हणजे काय ते पाहू. दिवसाकाठी आपण शेकडो वेळा गिळतो आणि त्याकडे आपले लक्षही नसते. घसा हा एक चौक आहे. श्वासाची आणि अन्नाची वाट तेथे एकमेकींना छेदते. घास किंवा घोट मागे सरकला की श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, स्वरतंतू मिटतात, वरचे लहानसे झाकण आडवे होते आणि मागे अन्ननलिकेचे तोंड उघडते. घशातील हा सारा व्यवहार सुमारे एका सेकंदात उरकतो. त्यासाठी पंचवीसहून अधिक स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या पाच जोड्या एकमेकांच्या तालावर काम करतात. हा ताल किंचित चुकला की अन्नाचा अंश श्वासनलिकेत उतरतो.

पक्षाघाताच्या पहिल्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये गिळण्याचा काही ना काही दोष आढळतो. तपासणी जितकी बारकाईची तितके हे प्रमाण वाढते. पुष्कळांचा दोष पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कमी होतो, काहींचा मात्र टिकून राहतो. डोक्याला मार लागलेले, कंपवाताचे, घशाच्या कर्करोगावर उपचार झालेले आणि अनेक दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर राहिलेले रुग्णही याच वर्गात मोडतात.

ठसका हा आपल्या श्वासनलिकेचा पहारेकरी आहे. परंतु मेंदूच्या आजारात किंवा श्वासाची नळी घशातून काढल्यानंतर तेथील संवेदना बोथट झालेली असू शकते. मग पाणी फुप्फुसाच्या वाटेला लागते आणि रुग्ण खोकतही नाही. पहारेकरी ओरडला नाही म्हणून चोर आला नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. पहारेकरीच झोपी गेलेला असू शकतो. ‘ठसका लागतो का?’ हा माझा प्रश्न त्यामुळे अपुरा होता. परिचारिकेने सांगितलेला ओला, खळखळणारा आवाज हे अधिक मोलाचे लक्षण होते. स्वरतंतूंजवळ लाळ साचून राहते आणि रुग्णाला ती जाणवत नाही, असा त्याचा अर्थ. अनुभवी कानाने दिलेली ती सूचना मी खाटांच्या हिशेबात बुडवली.

घशाच्या मागच्या भिंतीला स्पर्श करून उमाळा येतो का, हे पाहण्याची जुनी पद्धतही भरवशाची नाही. निरोगी माणसांपैकी कित्येकांना असा उमाळा येत नाही, तरी ते उत्तम गिळतात. उलट उमाळा असलेल्या रुग्णाचे गिळणे सदोष असू शकते.

आता नळीविषयी. आपल्या विभागांत जिला राइल्स ट्यूब म्हणतात ती जॉन आल्फ्रेड राइल या ब्रिटिश वैद्याच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९२१ साली पुढे आणली तेव्हा जठरातील रस तपासणे हा तिचा मुख्य उपयोग होता. पुढे ती अन्न देण्यासाठी वापरात आली. दीर्घ काळ गरज असेल तर पोटावरून थेट जठरात नळी बसवतात. दुर्बिणीच्या साहाय्याने ती बसवण्याची पद्धत अमेरिकेत क्लीव्हलँड येथे गॉडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी १९७९ साली सुरू केली. या नळ्यांनी असंख्य प्राण वाचले आहेत. त्यामुळे नळी ही शिक्षा किंवा अखेरची खूण मानून तिची धास्ती घेऊ नये, ही माझी पहिली विनंती.

परंतु नळी आहे म्हणून फुप्फुसे सुरक्षित आहेत, असेही नाही. रुग्ण स्वतःची लाळ तर गिळतच असतो. तोंड अस्वच्छ असेल तर त्या लाळेबरोबर जंतू खाली उतरतात. १९९८ साली अमेरिकेत सुझन लँगमोर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूमोनियाशी निगडित बाबींमध्ये भरवण्यासाठी व तोंडाच्या स्वच्छतेसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणे, किडलेले दात आणि नळीवाटे आहार या गोष्टी आढळल्या. जपानमधील ११ वृद्धनिवासांत केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेट या नियतकालिकात आला. नियमित दात घासणे आणि तोंड स्वच्छ ठेवणे यामुळे न्यूमोनियाचे प्रमाण घटते, असा तो होता. नाकात नळी असलेल्या रुग्णाच्या तोंडाकडे घरी सहसा कोणी पाहत नाही. तोंडाने खातच नाही, मग दात कशाला घासायचे, असा समज असतो. तो घातक आहे.

गुरुजींच्या बाबतीत नळी घाईने निघाली. याच्या नेमका उलट प्रसंगही आपल्याच रुग्णालयात घडला. शेजारच्या तालुक्यातील एक बाई दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागल्याने अन्य ठिकाणी उपचार घेऊन नळीसह घरी आल्या होत्या. नळी बदलण्यासाठी त्यांचे यजमान त्यांना दर महिन्याला आपल्या बाह्यरुग्ण विभागात आणीत. आपण ती बदलून देत होतो आणि पावती फाडत होतो. सात महिने हा क्रम चालला. मध्यंतरी त्या चालू लागल्या, थोडे बोलू लागल्या. परंतु नळीची अद्याप गरज आहे काय, हे कोणी विचारले नाही. आठव्या खेपेला आमच्या वाचा-उपचारतज्ज्ञ ताईंनी त्यांना गाठले, तपासले आणि सराव सुरू केला. तीन आठवड्यांत नळी निघाली. बाईंनी पहिल्यांदा काय मागितले, तर घोटभर चहा.

त्या दिवशी संध्याकाळी मी पावतीपुस्तके काढून बसलो. ‘नळी बदलणे’ या शीर्षाखाली सात पावत्या होत्या. ‘गिळण्याची तपासणी’ असे शीर्षच आपल्या दरपत्रकात नव्हते, केसपेपरवर तसा रकाना नव्हता आणि घरी सोडण्याच्या कागदावर तशी ओळही नव्हती. हिशेबाचा एक साधा नियम आहे. ज्याला शीर्ष नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद होत नाही ते काम कोणाचेच नसते. गुरुजींची नळी लवकर निघाली, या बाईंची सात महिने राहिली. दोन्ही चुकांचे मूळ एकच. गिळण्याकडे पाहणे हे आपल्या व्यवस्थेत कोणाचेच काम नव्हते.

वैद्यकीय सल्लागारांच्या मार्गदर्शनाखाली आम्ही आता जी पद्धत पाळतो ती थोडक्यात सांगतो. नळी असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर एक रकाना छापला आहे. नळी कधी व कशासाठी घातली, गिळणे शेवटचे कधी तपासले आणि पुढची तपासणी कधी, एवढेच त्यात लिहायचे. रकाना रिकामा असेल तर रुग्णाला घरी सोडण्याच्या कागदावर माझ्या कार्यालयाचा शिक्का उमटत नाही. शिक्क्याचा असा उपयोग मला उशिरा सुचला.

तपासणीपूर्वी पाहण्याच्या गोष्टी साध्या आहेत. रुग्ण पुरेसा जागा आहे का, आधाराने का होईना ताठ बसू शकतो का, तोंड स्वच्छ आहे का, स्वतःची लाळ गिळतो की ओघळते, सांगितल्यावर जोराने खोकू शकतो का आणि आवाज कोरडा आहे का. यांत कमतरता असेल तर त्या दिवशी पाणी द्यायचे नाही. एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे. पेंगुळलेल्या रुग्णाच्या तोंडात पाणी घालून परीक्षा होत नाही, अपघात होतो.

पुढची पायरी पाण्याची. १९९२ साली अमेरिकेत मांडलेली एक चाचणी आजही जगभर वापरली जाते. रुग्णाने सुमारे ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यायचे. मध्येच थांबला, खोकला, गुदमरला किंवा लगेच नंतर आवाज ओला झाला तर चाचणी नापास. गुरुजींना दिलेले दोन चमचे आणि ९० मिलिलिटर यांतील फरक आपल्या ध्यानात येईल. ऑस्ट्रियात विकसित होऊन २००७ साली प्रसिद्ध झालेली गुगिंग चाचणी आणखी सावधपणे जाते. आधी लाळ, मग घट्टसर पदार्थ, मग पाणी आणि शेवटी घन पदार्थ अशा पायऱ्या चढत २० पैकी गुण दिले जातात. नव्या रुग्णासाठी आमच्या परिचारिका हीच पद्धत वापरतात. या तपासण्या नळी जागेवर असतानाच करता येतात. तपासणीसाठी आधी नळी काढून टाकण्याची गरज नसते.

येथे एक सावधगिरी. पाण्याच्या चाचणीविषयी ३,००० रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दुर्बिणीच्या तपासणीशी ताडून पाहता, ज्यांच्या श्वासनलिकेत द्रव जात होता अशा १०० पैकी सुमारे ९६ जणांना या चाचणीने पकडले. मात्र ज्यांच्या श्वासनलिकेत काहीही जात नव्हते त्यांच्यापैकीही जवळजवळ निम्मे नापास ठरले. म्हणजे उत्तीर्ण होण्यावर बराच विश्वास ठेवता येतो. नापास होण्याचा अर्थ मात्र ‘नळी कायमची’ असा घेता येत नाही. लेखापरीक्षकाने आक्षेप काढला म्हणजे अफरातफर झाली असे नव्हे. कागदपत्रे पुन्हा बारकाईने पाहावी लागतात, एवढेच. ज्या बाईंची हकीकत मी सांगितली त्यांच्यासारख्या रुग्णांसाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे.

अशी बारकाईची तपासणी दोन प्रकारे होते. एकीत बेरियम मिसळलेला घास रुग्ण गिळत असताना क्ष-किरणांखाली त्याचे चलच्चित्र घेतात. दुसरीत नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घशापर्यंत नेऊन प्रत्यक्ष पाहतात. ही पद्धत १९८८ साली मांडली गेली आणि तिच्यासाठी रुग्णाला खाटेवरून हलवावे लागत नाही. बिनठसक्याचा शिरकाव खात्रीने दिसतो तो या दोन तपासण्यांतच. आपल्याकडे या सोयी नाहीत. गरज भासल्यास आपण रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतो.

तपासणीत उत्तीर्ण झाला की लगेच नळी काढायची, असेही नाही. गिळणे सुरक्षित असणे वेगळे आणि खाणे पुरेसे असणे वेगळे. चार चमचे नीट गिळणारा रुग्ण अर्ध्या वाटीनंतर थकतो आणि थकलेल्या घशाचा ताल बिघडतो. म्हणून आधी नळी ठेवूनच तोंडाने खाणे सुरू करतात आणि किती खाल्ले-प्याले याची नोंद ठेवतात. दिवसाच्या गरजेच्या सुमारे तीन-चतुर्थांश आहार रुग्ण सलग दोन-तीन दिवस तोंडाने घेऊ लागला की नळी काढण्याचा विचार करावा, असा निकष पुष्कळ ठिकाणी वापरतात. औषधाच्या गोळ्या कशा गिळेल हेही त्यातच पाहायचे. नळी काढल्यानंतरही काही दिवस ताप, श्वासाची गती, वजन आणि लघवीचे प्रमाण यांवर लक्ष ठेवावे लागते.

आता आहाराविषयी, कारण येथे आपल्या घरोघरीच्या समजुती आड येतात. आजारी माणसाला आपण पातळ देतो. पातळ ते सोपे, असे आपणास वाटते. गिळण्यात दोष असलेल्या अनेक रुग्णांसाठी साधे पाणीच सर्वांत अवघड असते, कारण ते वेगाने घसरते आणि घसा सावध होण्यापूर्वीच स्वरयंत्रापाशी पोहोचते. ताकभात किंवा पातळ आमटीत कुस्करलेली भाकरी हे त्याहून कठीण, कारण तोंडात एकाच वेळी पाणी आणि कण अशी दोन कामे येतात. एकजीव केलेला गुरगुट्या भात, मुगाचे घट्ट वरण, दाटसर खीर हे पदार्थ अशांना सहसा सोसतात. नाचणीचे सत्त्व तोंडात फार वेळ रेंगाळले तर लाळेने पातळ होते, हेही लक्षात ठेवावे लागते.

घट्टपणाच्या मापासाठी ० ते ७ अशा आठ पातळ्यांची एक आंतरराष्ट्रीय पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. तिची परीक्षा आमच्या स्वयंपाकघरातील मावशीही करतात. ठरावीक मापाच्या दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये द्रव भरून खालून बोट काढायचे आणि दहा सेकंदांनी किती उरले ते पाहायचे. एक मिलिलिटरही उरले नाही तर पातळी शून्य, आठपेक्षा जास्त उरले तर पातळी तीन. पूर्वी ‘जरा दाट करा’ या सूचनेचा प्रत्येक पाळीत निराळा अर्थ लागे. आता मावशी सिरिंज दाखवतात. घट्ट केलेले पेय रुग्णांना आवडत नाही आणि त्यामुळे ते पाणी कमी पितात, ही अडचण मात्र खरी आहे. म्हणून ही योजनाही दर काही दिवसांनी तपासावी लागते.

बसण्याच्या बाबतीतही तसेच. भांड्याला ओठ न लावता मान मागे टाकून वरून पाणी पिणे ही आपली जुनी स्वच्छतेची सवय; निरोगी माणसाला ती शोभते. अशक्त घशाच्या रुग्णाला मान वर करून पाजले तर पाणी थेट चुकीच्या वाटेला लागू शकते. ठसका लागला की ‘वर बघ’ म्हणतो, तेही अशा रुग्णाला सांगू नये. त्याला ताठ बसवावे, मान सरळ ठेवावी, लहान चमचा वापरावा, एक घास पूर्ण उतरल्याशिवाय दुसरा देऊ नये, जेवताना दूरदर्शन संच बंद ठेवावा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. हनुवटी छातीकडे झुकवणे काहींना उपयोगी पडते, सर्वांना नाही. ते तपासणाऱ्यानेच ठरवावे.

आणखी एक नाजूक बाब. काही रुग्णांचे गिळणे सुधारत नाही आणि आजारही उतरणीला लागलेला असतो. अशा वेळी धोका पत्करूनही केवळ चवीसाठी, समाधानासाठी दोन चमचे द्यावेत, असा निर्णय डॉक्टर, रुग्ण आणि कुटुंब मिळून घेऊ शकतात. तो चुकीचा नाही. परंतु तो जाणून घेतलेला निर्णय असावा, आणि त्याचीही नोंद व्हावी.

विश्वस्तहो, अशा प्रसंगी प्रशासकीय अधिकारी एखादे यंत्र मागतो असा आपला अनुभव आहे. आज मी यंत्र मागत नाही. पाण्याचा पेला, चमचा, सिरिंज आणि छापील रकाना यांना लागणारा खर्च आपल्या किरकोळ खर्चात सहज बसतो. महाग आहे ते माणसाचे शिकलेले लक्ष. मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रातील माणसे घडवीत आहेत. परंतु तालुक्याच्या गावी येणारे थोडे. आपल्या ताई आठवड्यातून दोनच दिवस येतात. रुग्णाला झटका येण्याचे मात्र सातही दिवस असतात. त्यांचे पद पूर्णवेळ करावे आणि प्रत्येक विभागातील दोन परिचारिकांना दरवर्षी या तपासणीचे शिक्षण मिळावे, एवढाच माझा प्रस्ताव आहे. देणगीदारांनी एखाद्या खाटेला आप्तांचे नाव देण्याऐवजी एका परिचारिकेच्या शिक्षणाला दिले, तर तेही चिरंतन स्मारक ठरेल.

या पद्धतीने किती न्यूमोनिया टळले, असा प्रश्न आपण विचाराल. टक्केवारी सांगावी इतका काळ अजून लोटलेला नाही, आणि कच्चे आकडे सभेपुढे ठेवणे माझ्या पेशाला शोभणारे नाही. एवढे मात्र सांगू शकतो की, आता एखादी परिचारिका ‘आवाज ओला आहे’ म्हणाली तर त्या दिवशी नळी निघत नाही. मग बाकावर कितीही रुग्ण बसलेले असोत आणि मी कितीही घाईत असो. ते तिच्या अधिकारात आहे. आणि खाटांचा हिशेबच करायचा तर, दोन दिवसांपूर्वी मोकळी करून घेतलेली गुरुजींची खाट आपल्याला अतिदक्षता विभागातील अकरा दिवसांना पडली. एका कुटुंबाला ती किती रुपयांना पडली ते त्यांच्या बिलावर आहे. त्यापलीकडे जे गेले, त्याला कोणत्याही वहीत शीर्ष नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. मोठा झटका आलेल्या वयोवृद्ध माणसाविषयी, तपासणी झाली असती तर ते खात्रीने वाचले असते, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. परंतु वडिलांना पाणी पाजणे हा मुलीचा अपराध कधीच नसतो. त्यांना पाणी पाजणे सुरक्षित आहे की नाही, हे पाहून तिला सांगणे आमचे काम होते. ते आम्ही केले नाही. मागील महिन्यात मी त्यांच्या घरी जाऊन हे तिला सांगून आलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मला चहा दिला.

येथून पुढे आपल्या रुग्णालयातून नळी काढून घरी जाणाऱ्या कोणत्याही रुग्णाच्या माणसांना तो प्रश्न विचारावा लागू नये, यासाठी आपले सहकार्य मागून मी आपली रजा घेतो.